पहिल्यांदाच सुएझ करताय? मग हे आधी वाचून ठेवा

दरवर्षी नव्याने बोटीवर चढलेल्या कॅडेट पोरापोरींचे मला मेसेज येतात, की सर पुढच्या आठवड्यात सुएझ आहे, काय वाचू, काय तयारी करू, चीफ ऑफिसर काय विचारतील. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगत आलोय, म्हटलं एकदा सगळं सलग लिहून टाकावं. भारतातून निघालेली बोट युरोपला जाताना इजिप्तमधल्या सुएझ कॅनॉलमधून बहुतेक वेळा खालून वर जाते, म्हणजे दक्षिणेच्या सुएझ शहराकडून उत्तरेच्या पोर्ट सैदकडे, म्हणून मी त्याच दिशेने सांगणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. चेकलिस्ट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतेच, ती पाठ करून फार काही होत नाही, दोन महिन्यांत विसरते. पण त्या चेकलिस्टमधली जवळजवळ प्रत्येक ओळ कधीतरी इथे घडलेल्या कुठल्यातरी गोष्टीतून आलीये, आणि ती गोष्ट माहीत असली ना की नियम आयुष्यभर डोक्यात बसतो. म्हणून तयारी आणि इतिहास मी एकत्रच सांगतोय, वेगळे करून नाही.

आधी कॅनॉल डोळ्यासमोर आणा

आपल्याकडे कालवा म्हटलं की मुळा नाहीतर नीरेचा कालवा आठवतो, शेताला पाणी सोडायचा. सुएझ म्हणजे वाळवंटात खणलेली १९३ किलोमीटरची खाडी समजा, दोन्ही टोकांना समुद्र, खोली २४ मीटर. बोटीवर कोणी कालवा म्हणत नाही, सगळे कॅनॉलच म्हणतात, मीही तेच म्हणतो. पनामाला बोट लॉकमधून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढवतात आणि पलीकडे उतरवतात, इथे एकही लॉक नाही, भूमध्य समुद्र आणि लाल समुद्र सरळ एकमेकांना जोडलेत.

ही साधी गोष्ट कळायला लोकांना पन्नास वर्षं लागली. १७९९ मध्ये नेपोलियनच्या इंजिनिअरांनी मोजणी केली आणि लाल समुद्र भूमध्यापेक्षा जवळजवळ दहा मीटर उंच आहे असा हिशोब काढला, तो चुकला होता पण लोक तोच धरून बसले, १८४७ मध्ये नव्याने मोजणी झाली तेव्हा कळलं की पातळी जवळपास सारखीच आहे. तुमच्या कामाचं यातलं काय, तर लॉक नसल्यामुळे भरती-ओहोटी सरळ कॅनॉलमध्ये शिरते. पोर्ट सैदला पाण्याचा फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असतो पण सुएझच्या बाजूला उधाणाला तो दीड-दोन मीटरपर्यंत जातो, आणि सुएझपासून वाटेतल्या बिटर लेक या तळ्यापर्यंतच्या पट्ट्यात त्याचा करंट लागतो. कोकणातल्या पोरांना उधाण आणि भांग वेगळं शिकवायला नको, इतरांनी टाइड टेबल उघडून त्या दिवशी काय आहे ते स्वतः बघून ठेवा. कॅप्टनने विचारलं आणि तुम्हाला आधीच माहीत असलं तर त्या दिवसापासून तुमच्याकडे बघायची नजर बदलते, हे मी अनुभवाने सांगतो.

कागद

कॅनॉलचं काम एजंटमार्फत होतं, बुकिंग, टोल, पायलट (बोटीला वाट दाखवणारा तिथला जाणकार) सगळं. टोल आधी भरावा लागतो, पोचायला ठराविक वेळेपेक्षा उशीर झाला तर जादा पैसे पडतात, म्हणून कॅप्टन चार दिवस आधीपासून ईटीए (पोचायची अंदाजे वेळ) आणि स्पीडच्या मागे लागलेला दिसेल. कॅडेटकडे यातलं काम येतं ते फाइल शोधायचं, झेरॉक्स काढायचं, क्रू लिस्ट, जनरल अरेंजमेंट प्लॅन, कॅपॅसिटी प्लॅन, डेंजरस कार्गोचं डिक्लेरेशन असे कागद लावायचं. कंटाळवाणं वाटेल पण त्यात एक सर्टिफिकेट नीट बघा, सुएझ कॅनॉल टनेज सर्टिफिकेट, म्हणजे बोटीच्या मापाचा दाखला. बोटीचं नेहमीचं इंटरनॅशनल टनेज सर्टिफिकेट असताना हे वेगळं कशाला, असा प्रश्न पडायलाच हवा.

त्याचं कारण १८७२ सालचं भांडण. कॅनॉल खणणाऱ्या कंपनीला टनामागे १० फ्रँक घ्यायची परवानगी होती, पण टन म्हणजे नेमकं काय, माल भरायच्या जागेचा टन की पूर्ण जहाजाचा, हे कुठे धड ठरलेलंच नव्हतं. सुरुवातीची वर्षं कंपनीला तोट्याची गेली, मग तिने पूर्ण जहाजाच्या मापावर पैसे घ्यायला सुरुवात केली आणि जहाजवाल्यांनी एकच ओरडा केला. शेवटी १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, बऱ्याच देशांचे प्रतिनिधी बसले आणि त्यांनी कॅनॉलसाठी टनेज मोजायची पद्धत ठरवून दिली. आजही टोल त्यातूनच आलेल्या सुएझ कॅनॉल नेट टनेजवर लागतो आणि त्याचा हिशोब कुठल्या एका देशाच्या चलनात नाही, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशोबी एककात होतो. मोठ्या कंटेनर जहाजाला एका फेरीला काही लाख डॉलर मोजावे लागतात. ते सर्टिफिकेट हातात घ्याल तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीचं भांडण हातात घेताय एवढं लक्षात ठेवा.

डेकवरची तयारी

इथे तुमचा खरा घाम निघणार. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि चीफ ऑफिसर सांगतील ते करायचंच, पण तीन गोष्टी स्वतः जाऊन बघा.

पहिली सर्चलाइट. बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला मोठा दिवा लागतो, त्याला सुएझ प्रोजेक्टर म्हणतात, त्याचा उजेड पुढे १८०० मीटरपर्यंत पोचायला हवा आणि बीम दोन भागात फोडता यायला हवा, डावा किनारा आणि उजवा किनारा दोन्ही दिसावेत आणि मधे काळोखाची पट्टी राहावी, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. सुरुवातीला रात्री कॅनॉल बंदच असायचा, अंधार पडला की जिथे असेल तिथे बोट बांधून ठेवायची. १८८७ पासून ज्यांच्याकडे विजेचा सर्चलाइट आहे त्यांना रात्री जायला परवानगी मिळाली आणि प्रवासाचे कितीतरी तास वाचले. तेव्हा त्या दिव्याची टेस्ट आदल्या दिवशी घ्या, ट्रान्झिटच्या, म्हणजे कॅनॉल पार करायच्या, पहाटे नाही. स्पेअर बल्ब कुठे ठेवलाय ते इलेक्ट्रिशियनला विचारून ठेवा, बीम फोडून बघा, आणि काच स्वतःच्या हाताने पुसा, मिठाचा थर बसलेला असतो आणि तो लांबून दिसत नाही.

दुसरी मूरिंग बोट. कॅनॉलचे बोटमन आपल्या छोट्या बोटी घेऊन येतात, त्या क्रेनने उचलून बाजूला लटकवून न्यायच्या असतात. नवीन पोरांना वाटतं हे कशासाठी, आपण तर थांबणारच नाही. पूर्वी कॅनॉल इतका अरुंद होता, १८६९ ला उघडला तेव्हा खोली ८ मीटर आणि तळाची रुंदी २२ मीटर, की समोरासमोर दोन बोटी आल्या की एकीला बाजूला घेऊन किनाऱ्याला बांधावं लागायचं. त्यासाठी दर काही किलोमीटरवर थोडी रुंद जागा केलेली असायची, आपल्या सिंगल लाइनच्या रेल्वेला क्रॉसिंगसाठी स्टेशन असतं ना तसंच. दोर किनाऱ्यावर नेणार कोण, तर बोटमन. आजही इंजिन बंद पडलं, धुकं आलं, पुढची बोट अडकली तर किनाऱ्याला बांधायची वेळ येऊ शकते आणि तेव्हा हीच माणसं दोर घेऊन जातात. म्हणून क्रेन टेस्ट करा, स्लिंग बघा, पाण्यावर तरंगणारे निदान सहा चांगले मूरिंग रोप पुढे-मागे मोकळे करून ठेवा, विंच फिरवून बघा. पायलट लॅडरची, म्हणजे बाजूला सोडायच्या दोराच्या शिडीची, प्रत्येक पायरी हाताने तपासा, कारण माणसं अंधारात चढणार आहेत.

तिसरी अँकर. दोन्ही अँकर तयार, लॅशिंग काढलेलं, पुढे माणूस उभा. तुम्हालाच कदाचित फॉरवर्डला उभं करतील. तिथे मोबाइल खिशातून बाहेर काढायचा नाही, एवढं माझं ऐका.

बाकी डेकवरचं पाणी बाहेर जायच्या भोकांना स्कपर प्लग लावा, कचऱ्याचे ड्रम झाकून बांधून ठेवा, पाण्यात काहीही टाकायचं नाही, इजिप्तचा झेंडा काढून ठेवा आणि तो उलटा चढत नाहीये ना ते बघा.

अँकरेजची रात्र

सुएझच्या बाहेर अँकर टाकून थांबाल तेव्हा आजूबाजूला जहाजंच जहाजं असतील, रात्री एखादं शहर वसल्यासारखं दिसतं. उत्तरेकडे जाणारा कॉन्व्हॉय, म्हणजे एकामागोमाग जाणाऱ्या जहाजांची रांग, भल्या पहाटे, चारच्या सुमारास आत शिरतो. कोणती बोट कितव्या नंबरला हे आदल्या रात्री व्हीएचएफ रेडिओवर कळतं. त्या रात्रीचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला म्हणजे झोपा. खरंच झोपा. ट्रान्झिट बारा ते सोळा तासांची असते, वर आधीची-नंतरची स्टेशनं, म्हणजे दोर-अँकरजवळ हजर राहायची ड्युटी, आणि एक्साइटमेंटमध्ये पोरं रात्रभर डेकवर फोटो काढत जागतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला उभ्याउभ्या डुलक्या घेतात, अशा वेळी दोराजवळ उभं असणं फार धोक्याचं. मेसमधून दोन पोळ्या, उकडलेली अंडी, जे मिळेल ते बांधून घ्या, पाण्याची बाटली भरून ठेवा, हिवाळ्यात असाल तर जाड जॅकेट लागतंच, वाळवंट असलं तरी पहाटे हाडं गोठतात.

झोप येत नसेल तर एक विचार करा. ज्या पाण्यात तुम्ही अँकर टाकलाय तिथून मुंबईचं नशीब पालटलं. कॅनॉलच्या आधी मुंबईहून लंडनला आफ्रिकेला वळसा घालून जायचं तर साधारण १०,८०० सागरी मैल, कॅनॉलमधून ६,३०० च्या आसपास. १८६९ च्या १७ नोव्हेंबरला कॅनॉल उघडला, १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वेने जोडलं गेलं, त्याच वर्षी सुएझ-एडन-मुंबई अशी समुद्राखालून तारेची केबल आली. या तीन गोष्टी दीड वर्षाच्या आत झाल्या, आणि युरोपहून येणाऱ्याला हिंदुस्थानचा पहिला दरवाजा मुंबई झाली. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८७५ ला ससून डॉक, १८८० ला प्रिन्सेस डॉक, ही रांग अशी लागली. कॅनॉलचा फायदा मुख्यतः आगबोटींना झाला, शिडाच्या जहाजांना नाही, कारण लाल समुद्राच्या वरच्या भागात वारा बहुतेक उत्तरेकडूनच येतो आणि कॅनॉलमध्ये शिडावर जाणं शक्यच नाही, ओढून न्यावं लागतं. आणि त्या आगबोटींवर डेकवर कोण होतं, तर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी, त्यांचा सारंग, त्यांचा तांडेल, आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणघरात, गोव्याचे लोक. म्हणजे तुम्ही या वाटेने जाणारे पहिले कोकणी नाही, सव्वाशे-दीडशे वर्षांची रांग आहे तुमच्या पुढे. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात फारशी सापडत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आत शिरल्यावर

पायलट येतो. एकच नाही, पूर्ण ट्रान्झिटमध्ये साधारण चार वेगवेगळे पायलट बदलतात, बंदराचा वेगळा, सुएझ ते इस्माइलियाचा वेगळा, पुढचा वेगळा. पायलट सल्ला देतो, जबाबदारी कॅप्टनचीच राहते, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, तुमचं काम बहुतेक करून बेल बुक लिहायचं असेल. प्रत्येक इंजिन ऑर्डर, प्रत्येक किलोमीटर मार्क, पायलट चढला-उतरला त्या वेळा, सगळं तेव्हाच्या तेव्हा लिहा, नंतर आठवून नाही. घड्याळ जीपीएसशी जुळवून घ्या. हेल्मवर उभं केलं तर ऑर्डर मोठ्याने परत म्हणा, चाक फिरवा, रडर तिथे पोचल्यावर पुन्हा सांगा. पायलटचा उच्चार कळला नाही तर लगेच विचारा, अंदाजाने चाक फिरवायचं नाही. कोणी रागावलं तर रागावू दे.

आणि पायलट लोकांचा मान ठेवा. २६ जुलै १९५६ ला इजिप्तचा अध्यक्ष नासर याने अलेक्झांड्रियाच्या भाषणात कॅनॉल इजिप्तच्या मालकीचा केल्याचं जाहीर केलं, भाषणात तो मूळ कॅनॉल खणवून घेणाऱ्या लेसेप्सचं नाव घेईल तीच खूण ठरली होती, ते नाव रेडिओवर ऐकताच त्याच्या माणसांनी कंपनीची ऑफिसं ताब्यात घेतली. मग सप्टेंबरच्या मध्यावर बहुतेक परदेशी पायलट एका रात्रीत काम सोडून गेले. बाहेरच्यांना खात्री होती की इजिप्शियनांना हे जमणार नाही, कॅनॉल दोन दिवसांत ठप्प होईल. नाही झाला. मोजके इजिप्शियन पायलट आणि थांबलेले काही ग्रीक यांनी कमी झोपेवर कॉन्व्हॉय चालू ठेवले. आज जो पायलट तुमच्या ब्रिजवर चहा पितोय तो त्या परंपरेतला माणूस आहे, त्याला चहा गरम द्या.

किलोमीटर पोर्ट सैदपासून मोजतात, म्हणजे तुम्ही १६२ पासून शून्याकडे जाणार, वरच्या १९३ मध्ये दोन्ही टोकांबाहेरच्या समुद्रातल्या वाटाही धरतात. शिरताना पोर्ट तौफीक लागतं. पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये पडलेल्या जवळजवळ ४,००० हिंदी सैनिकांचं स्मारक इथे कॅनॉलच्या तोंडाशी होतं, १९२६ चं. १९१५ च्या फेब्रुवारीत तुर्की फौज कॅनॉलवर चालून आली तेव्हा किनाऱ्यावर रोखणाऱ्यांमध्ये मोठा भाग आपल्याकडच्या पलटणींचा होता. १९६७ नंतरच्या लढायांमध्ये ते स्मारक इतकं मोडलं की पाडावं लागलं, नावं आता कैरोजवळ हेलिओपोलिसच्या लष्करी दफनभूमीत आहेत. आता तिथे बघायला काही उरलं नाही तरी मी दरवेळी त्या जागेवरून जाताना ब्रिज विंगवर जाऊन उभा राहतो.

किनारा बोट ओढतो, म्हणजे काय

हा भाग नीट वाचा. अरुंद पाण्यात बोट किनाऱ्याच्या जवळ गेली की बोट आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याला जागा कमी, पाणी जोरात वाहतं, दाब कमी होतो आणि मागची बाजू किनाऱ्याकडे खेचली जाते. त्याच वेळी पुढे पाणी साचून पुढचं टोक किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं. म्हणजे उजव्या किनाऱ्याला घासत चाललेली बोट अचानक डावीकडे वळायला लागते. घाबरून स्पीड वाढवला तर रडरला जोर मिळतो खरा, पण हा परिणामही वाढतो. शिवाय स्क्वॉट असतो, उथळ पाण्यात बोट चालताना खाली बसते, आणि ते साधारण स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, स्पीड दुप्पट तर बसणं चौपट. म्हणून तिथे ताशी १४ किलोमीटरच्या आसपास स्पीड ठेवतात, रिकाम्या रस्त्यावर सायकल जाते तेवढा. एवढ्या मोठ्या इंजिनाला इतकं हळू का चालवतात हे एकदा कळलं की कॅनॉलचं निम्मं शास्त्र कळलं.

किलोमीटर १५१ आला की लक्ष द्या. २३ मार्च २०२१ च्या सकाळी ४०० मीटर लांबीची एव्हर गिव्हन ही कंटेनरची बोट इथेच आडवी झाली, पुढचं टोक पूर्व किनाऱ्यात घुसलं. जोराचा वारा, वाळूचं वादळ, त्या दिवसांत खमसीन नावाचा वारा सुटतो, आणि वर कंटेनरची भिंत म्हणजे केवढं मोठं शीड विचार करा. बोटीवरचे सगळे २५ जण भारतीय होते. सहा दिवस कॅनॉल बंद, चारशेच्या वर जहाजं दोन्ही बाजूंना खोळंबलेली. ड्रेजरने वाळू उपसली, टगांनी ओढलं, पण शेवटी कामी आलं ते पौर्णिमेचं उधाण, २८ तारखेला आपल्याकडे होळी होती आणि २९ ला धुळवडीच्या दिवशी बोट सुटली. मी तेव्हा घरी होतो, दारात पोरं रंग खेळत होती आणि मी टीव्हीसमोरून हललो नाही. सुटल्यावरही भरपाईच्या वादात बोट बिटर लेकमध्ये ७ जुलैपर्यंत अडकून होती, आपली ती माणसं तोपर्यंत काय मनःस्थितीत असतील. त्यानंतर हा दक्षिणेचा भाग रुंद आणि खोल केलाय, तरी वाऱ्याचा अंदाज बघणं ही तुमची सवय असू द्या, मार्च ते मे खास.

बिटर लेक आणि पुढे

आधी लहान, मग मोठा बिटर लेक. इथे पाणी पसरट होतं, सगळ्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळते. फुरसत म्हणजे झोप नाही, अँकरवर थांबायला लागू शकतं म्हणून फॉरवर्ड स्टेशन तयार असतं.

५ जून १९६७ ला तुमच्यासारखाच उत्तरेकडे निघालेला एक कॉन्व्हॉय इथे होता आणि इजिप्त-इस्रायल युद्ध सुरू झालं. कॅनॉल दोन्ही टोकांना बंद. १४ जहाजं या तळ्यात अडकली ती आठ वर्षं. वाळवंटाची वाळू उडून जहाजांवर बसायची, सगळी पिवळी दिसायला लागली म्हणून पिवळा ताफा नाव पडलं. क्रू बदलत राहिले पण जहाजं तिथेच. एका बाजूला पोलंड, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया आणि दुसरीकडे ब्रिटन, अमेरिका, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, स्वीडन, तिकडे जगात शीतयुद्ध चालू आणि इकडे या खलाशांनी मिळून एक संघटना केली, एकमेकांच्या बोटीवर जेवायला जायचे, १९६८ मध्ये स्वतःचं छोटं ऑलिम्पिक भरवलं, हाताने पोस्टाची तिकिटं तयार केली. १९७५ च्या ५ जूनला कॅनॉल पुन्हा उघडला, त्याच्या थोडं आधी, मे महिन्यात, त्यातली फक्त दोन जर्मन जहाजं स्वतःच्या इंजिनावर हॅम्बुर्गला पोचली. बोटीवर एकमेकांशी कसं राहावं हे मला कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगतो.

बिटर लेक सोडल्यावर तुम्ही पूर्वेकडच्या नव्या मार्गात शिरता, ३५ किलोमीटरचा, ६ ऑगस्ट २०१५ ला उघडलेला. जुना मार्ग आणि इस्माइलिया शहर डावीकडे राहतं, कॅनॉलचं मुख्यालय तिथेच. या भागात पायलट बदलतो, लॅडरवर पुन्हा लक्ष.

नवा मार्ग यंत्रांनी एका वर्षात झाला. मूळ कॅनॉलला दहा वर्षं लागली. २५ एप्रिल १८५९ ला पोर्ट सैदच्या किनाऱ्यावर पहिली कुदळ पडली, फर्डिनांड द लेसेप्स हा माणूस इंजिनिअर नव्हता, फ्रान्सचा माजी राजनैतिक अधिकारी, इजिप्तचा शासक सैद पाशा याच्याशी जुनी ओळख, त्या ओळखीवर १८५४ मध्ये त्याने परवानगी मिळवली. खणलं मात्र इजिप्तच्या शेतकऱ्यांनी, वेठबिगारीवर, गावागावांतून उचलून आणलेले, एका वेळी वीसेक हजार माणसं, कुदळी आणि टोपल्या. वाळवंटात प्यायला पाणी नाही, म्हणून नाईलपासून आधी गोड्या पाण्याचा कालवा आणावा लागला, तोपर्यंत पाणी उंटांवरून. १८६४ मध्ये वेठबिगारी थांबली आणि कंपनीला दिलेल्या जमिनी परत घेतल्या तर कंपनीने इजिप्तकडूनच भरपाई घेतली, ८ कोटी ४० लाख फ्रँक. नंतर वाफेवरचे ड्रेजर आले आणि बहुतेक खोदाई त्यांनी केली. पुढे कर्जात बुडालेल्या इजिप्तने १८७५ मध्ये आपले शेअर ब्रिटनला ४० लाख पौंडांना विकले आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज देशातच येऊन बसली. १८८८ च्या करारात लिहिलं गेलं की कॅनॉल शांततेत आणि युद्धातही सगळ्या देशांच्या जहाजांना मोकळा राहील, ज्यांनी खणला त्यांच्या हातात मात्र तो १९५६ पर्यंत नव्हता. पोर्ट सैदला लेसेप्सचा भला मोठा पुतळा होता, १९५६ च्या डिसेंबरमध्ये लोकांनी तो पाडला, चौथरा उरला. त्यांचा राग मला समजतो.

पुढे ७० मीटर उंचीवरून जाणारा अल सलाम पूल डोक्यावरून जातो, सगळे मान वर करून बघतात. तुमच्या बोटीचा एअर ड्राफ्ट, म्हणजे पाण्यावरची उंची, किती हे त्याआधी पाठ असू द्या, मर्यादा ६८ मीटरची आहे. फोटो काढायचे असतील तर आधी कॅप्टनला विचारा, दोन्ही किनाऱ्यांवर लष्कर आहे.

दुपारी बोटमन लोक डेकवर छोटं दुकान मांडतात, पपायरसची चित्रं, पितळेचे पिरॅमिड, सिमकार्ड. घ्यायचं तर घ्या, भाव आधी ठरवा, केबिनला कुलूप लावून खाली या, ही सवय प्रत्येक बंदराला लागू आहे.

सध्याची परिस्थिती, आणि घरच्यांसाठी

नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंटेनर कंपन्यांनी २०२४ भर आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. २०२३ मध्ये कॅनॉलमधून २६ हजारांच्या वर जहाजं गेली होती, पुढच्या वर्षी जवळजवळ निम्मी. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांना दहा-पंधरा दिवस जास्त लागायला लागले, रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरचं भाडं वाढलं, निफाडच्या बागायतदाराला लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाच्या बाब अल-मंदेबचा नकाशा पाठ झाला. कोणी तुम्हाला इतिहासाचा काय उपयोग विचारलं तर हे सांगा. तुमची बोट त्या बाजूने जाणार असेल तर कंपनीचं सर्क्युलर आणि सिक्युरिटी ब्रीफिंग शब्दन् शब्द वाचा, सिटाडेलमध्ये, म्हणजे हल्ल्याच्या वेळी आत बंद करून लपायच्या जागेत, कधी जायचं आणि तिथे काय घेऊन जायचं ते ड्रिलमध्येच विचारा, आणि घरी सांगताना घाबरवू नका पण खोटंही सांगू नका.

घरच्यांसाठी एवढंच, की जहाज बघायच्या अॅपवर मुलाची बोट सुएझच्या खाली तासन् तास एका जागी दिसली तर काळजी करू नका, कॉन्व्हॉयची वाट बघतेय. आत शिरल्यावर ठिपका मुंगीच्या चालीने सरकतो, तेही बरोबरच आहे. किनारा जवळ असल्याने फोनला रेंज मिळते, पण ड्युटी संपल्याशिवाय तो फोन करणार नाही, आणि केलाच तर दोन मिनिटं बोलून त्याला झोपायला पाठवा. आईला सांगा, जेवलास का हा एकच प्रश्न पुरे.

पोर्ट सैद

शेवटी बोट शहराच्या पूर्वेकडच्या बायपासने बाहेर पडते, पोर्ट सैद डावीकडे राहतं. बोटमनच्या बोटी खाली सोडायच्या, शेवटचा पायलट उतरवायचा, सर्चलाइट बंद, रोप पुन्हा गुंडाळून लॅश करायचे, कारण पुढे भूमध्य आहे आणि हिवाळ्यात तो उसळतो. अँकर पुन्हा नीट सिक्युअर केलाय ना, हे स्वतः पुढे जाऊन बघा, दमलेली माणसं हेच विसरतात. मग आंघोळ, जेवण, आणि झोपायच्या आधी अर्धा तास काढून टार बुक, म्हणजे कॅडेटची प्रशिक्षणाची वही, लिहा, कुठल्या किलोमीटरला काय झालं, कुठे करंट लागला, पायलट किती वाजता बदलले, कोणत्या क्रमाने रोप काढले, चुकलं काय. दुसऱ्या दिवशी लिहायला बसाल तर निम्म्या गोष्टींची वेळ आठवणार नाही.